केसलापूरचं वारूळ

आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला मेसराम कुळाच्या गोंडांचा नागोबा आहे. दरवर्षी पौष अमावास्येला इथे जत्रा भरते. त्याआधी कुळातली माणसं अनवाणी चालत गोदावरीवरच्या हस्तिनमडुगूला जातात, तिथलं पाणी घेऊन येतात आणि देवळाजवळच्या वडांखाली मुक्काम टाकतात. अमावास्येच्या रात्री त्याच पाण्याने देवाला अभिषेक होतो. लागणारी मडकी सिरिकोंड्याचा कुंभार घडवतो. मेसरामांच्या लेकी-सुना पाणी आणून माती कालवतात आणि हातांनी वारूळ रचतात.

दगडी देऊळ मात्र अलीकडचं. कुळाने वर्गणी काढून ते उभारलं आणि डिसेंबर २०२२मध्ये ते खुलं झालं. दगड आला म्हणून माती सुटली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. नदी, वड, साप आणि घरच्या सुना, सगळे इथे बांधकामाचे भागीदार आहेत.

वारुळाकडून बांधकाम शिकण्याचा आधुनिक दाखला झिम्बाब्वेत आहे. हरारेच्या ईस्टगेट सेंटरला (१९९६) वास्तुरचनाकार मिक पियर्स यांनी नेहमीची वातानुकूलन यंत्रणा बसवली नाही. दिवसा जाड काँक्रीट उष्णता शोषतं, रात्री पंखे गार हवा आत खेळवतात.

पुन्हा केसलापूरकडे येऊ. इथल्या जत्रेत दरबारही भरतो. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४०च्या दशकात तो सुरू झाला. जमिनीच्या आणि जंगलाच्या तक्रारी अधिकाऱ्यांसमोर तिथेच मांडल्या जातात.