मोत्यांची माळ आणि आयव्हीचं पान : एका विद्यार्थिनी संघटनेची गोष्ट



जानेवारी २०२१ मध्ये कमला हॅरिस यांनी अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या गळ्यात मोती होते. त्या दिवशी तिथल्या कितीतरी बायकांनीही मुद्दाम मोती घातले होते. हे नुसतं नटणं नव्हतं बरं का! त्यासाठी सोरॉरिटी म्हणजे काय ते बघावं लागेल.

लॅटिन भाषेत 'सोरॉर' म्हणजे बहीण. त्यावरून अमेरिकेतल्या कॉलेजमधल्या मुलींच्या संघटनेला सोरॉरिटी म्हणतात. एकदा सभासद झालं की कॉलेज संपलं तरी नातं सुटत नाही. नावं बहुधा ग्रीक अक्षरांची असतात.

कमला हॅरिस ज्या संघटनेत आहेत ती 'अल्फा कप्पा अल्फा'. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची ही पहिली ग्रीक अक्षरी सोरॉरिटी. स्थापना १५ जानेवारी १९०८, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम ४२ वर्षं झाली होती. म्हणजे यातल्या काही मुलींच्या आजी-आजोबांनी गुलामगिरी भोगलेली असणार. त्या काळात कृष्णवर्णीय मुलीने कॉलेजात जाणं हीच मोठी गोष्ट. एथेल हेजमन या विद्यार्थिनीने पुढाकार घेतला. पुढे ती शिक्षिका झाली, हे सांगताना मला जरा जास्तच आनंद होतो!

आता चिन्हं पाहू. रंग दोन, फिकट गुलाबी आणि कच्च्या सफरचंदाचा हिरवा. आयव्ही नावाच्या वेलीचं पान हे त्यांचं चिन्ह. ही वेल भिंत धरून वर चढते आणि बाराही महिने हिरवी राहते. आणि मोती वीस. संस्थापक १६ जणी, आणि संघटनेची कायदेशीर नोंदणी करणाऱ्या ४ जणी.

पण नोंदणीची गरज का पडली? इथेच खरी गंमत आहे. १९१२ मध्ये हॉवर्डमधल्या सभासद मुलींना संघटनेचं नाव, रंग, चिन्हं सगळंच बदलायचं होतं. समाजकारणात, राजकारणात जास्त उतरावं असंही त्यांना वाटत होतं. आदल्या वर्षीच्या अध्यक्षा नेली क्वांडर पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. त्यांना हे कळलं आणि त्यांनी ठाम नकार दिला. २९ जानेवारी १९१३ ला त्यांनी जुन्याच नावाने नोंदणी करून टाकली. त्याआधीच, १३ जानेवारीला, बदल हवा असणाऱ्या २२ जणींनी 'डेल्टा सिग्मा थीटा' ही नवी संघटना काढली होती. तिचे रंग किरमिजी आणि सायीसारखा पांढरा.

रंगावरून एवढं भांडण? मलाही आधी हसू आलं. पण ३ मार्च १९१३ ला वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोठा मोर्चा निघाला, आणि कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावं असा गोऱ्या आयोजकांचा आग्रह असतानाही या डेल्टाच्या मुली त्यात चालल्या. संघटना तेव्हा दोन महिन्यांचीही नव्हती.

जुनी संघटनाही नुसते मोती मिरवत बसली नाही. १९३५ पासून सात-आठ उन्हाळे डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली तिच्या सभासद मिसिसिपीत जात होत्या. तिथल्या शेतमजुरांच्या मुलांना त्यांनी देवी आणि घटसर्प यांच्या लसी टोचल्या. मजुरांना दवाखान्यात यायला मळेवाले देईनात, तेव्हा दवाखानाच मोटारीत घालून त्या मळ्यांवर गेल्या.