नंबर तोच, मग दिसत का नाही?

‘नंबर बदललेला नाही, चष्मा लावून शेवटची ओळही वाचता येते, मग नजरेला झालंय काय?’ साठी-पासष्टीच्या माणसाने संध्याकाळी पायरी नीट दिसत नाही म्हटलं की घरातून हाच प्रश्न येतो. वर ‘लक्ष कुठे असतं तुमचं’ ही पुरवणी. दोन्ही चूक. स्नेलेन यांनी 1862 मध्ये आणलेल्या तक्त्यात पांढऱ्याशुभ्र पाटीवर काळी कुळकुळीत अक्षरं असतात. किती बारीक अक्षर वाचता येतं, एवढंच तो मोजतो. व्यवहारातलं जग इतकं ठळक छापलेलं नसतं. औषधाच्या चंदेरी पट्टीवर उठवलेली एक्स्पायरीची तारीख, क्रीम रंगाच्या लग्नपत्रिकेवरची सोनेरी अक्षरं, तिन्हीसांजेला एकाच करड्या फरशीच्या उतरत्या पायऱ्या, यांत अडचण आकारापेक्षा फिकेपणाची असते. असा पुसट फरक ओळखण्याची क्षमता म्हणजे कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी. ती मोजायला 1988 पासून पेली-रॉबसन तक्ता आहे. त्यात सगळी अक्षरं एकाच मापाची आणि चांगली मोठी असतात, फक्त दर तीन अक्षरांनंतर ती फिकट होत जातात आणि शेवटी पांढऱ्यात विरून जातात.

‘म्हणजे मोतीबिंदूच असणार’ हा पुढचा आक्षेप. असू शकतो, पण असायलाच हवा असं नाही. औस्ली, सेक्युलर आणि सीमसेन यांनी 1983 मध्ये 19 ते 87 वयाच्या 91 जणांची तपासणी प्रसिद्ध केली. सगळे निरोगी डोळ्यांचे, योग्य चष्मा लावलेले. मोठे, ढोबळ आकार ज्येष्ठांनाही तरुणांइतकेच कळत होते. मध्यम आणि बारीक तपशिलांचा कॉन्ट्रास्ट मात्र चाळिशी-पन्नाशीपासून घसरत गेला होता. कारण बरंचसं साधं आहे. वयाबरोबर बाहुली आकसते, अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही. भिंग पिवळट होतं आणि आत आलेला उजेड विखुरतं. विशीच्या तुलनेत साठीत दृष्टिपटलापर्यंत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, हा संशोधक वील यांचा हिशोब आजही दिला जातो. त्यात भर म्हणजे मंद उजेडात कामाला येणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागात तीसेक टक्क्यांनी घटतात, तर नेमक्या मध्यबिंदूवरच्या, भरपूर उजेडात कामाला येणाऱ्या शंकूपेशी टिकून राहतात. दुपारी पेपर वाचणारा माणूस संध्याकाळी जिन्यात चाचपडतो, त्यात ढोंग कसलं?

‘मग मोठा दिवा लावा’ हा सल्ला अर्धाच बरोबर. उजेड हवाच, पण उघडा बल्ब डोळ्यांसमोर आला तर विखुरलेला प्रकाश उरलासुरला कॉन्ट्रास्टही धुऊन टाकतो. शेडचा दिवा आणि पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी यांचा उपयोग जास्त. गाजर खाऊन फरक पडेल तो ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तरच. कमी उजेडात वाचल्याने डोळे थकतात, जात नाहीत. ‘वयच झालं, डॉक्टर काय करणार’ हा गैरसमज मात्र महागात पडू शकतो. वयाची घसरण वर्षानुवर्षं, हळूहळू आणि दोन्ही डोळ्यांत होते. एकाच डोळ्याला फिकं दिसू लागलं किंवा थोड्या दिवसांत फरक पडला, तर वयाला दोष देत बसू नका, लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. आणि एरवीच्या तपासणीतही ‘नंबर ठीक आहे’ एवढं ऐकून उठू नका, कॉन्ट्रास्टची तपासणी मागून घ्या.