कडी, कोयंडा आणि जेरी डोनोह्यू

‘माणसाचा जीनोम ३ अब्ज बेस पेअरचा, असं बातम्यांत नेहमी येतं. एका जोडीत दोन बेस, म्हणजे एकूण बेस झाले ६ अब्ज. मग सरळ तोच आकडा का देत नाहीत?’ एका वाचकांनी हे विचारलं आहे, आणि प्रश्न अगदी नेमका आहे.

जोडीतल्या दोघांपैकी एक कळला की दुसरा आपोआप कळतो, हे त्याचं उत्तर. डीएनएच्या एका धाग्यावर ॲडेनिन हा बेस असेल तर समोरच्या धाग्यावर थायमिन असणार. ग्वानिन असेल तर सायटोसिन. दुसऱ्या धाग्यात वेगळा मजकूर नसतोच, म्हणून मोजायचं ते जोड्यांमध्ये. शिवाय ३ अब्ज हा एका संचाचा आकडा आहे. आपल्या बहुतेक प्रकारच्या पेशींमध्ये आईकडून आलेला एक आणि वडिलांकडून आलेला एक असे दोन संच असतात, म्हणजे जोड्याच ६ अब्जांहून जास्त. दोन शेजारच्या जोड्यांमध्ये अंतर ०.३४ नॅनोमीटर. गुणाकार करून पाहा: डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पेशीत सुमारे २ मीटर डीएनए भरतो!

जिथे जोडीच नाही तिथे मात्र हे एकक वापरता येत नाही. करोनाच्या विषाणूचा जीनोम एकेरी आरएनएचा आहे. त्याचे सुमारे ३० हजार बेस म्हणावे. ‘३० हजार बेस पेअर’ म्हणणं चूक. फाय-एक्स-१७४ नावाच्या, जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूचा तर डीएनएच एकेरी असतो. १९५९ मध्ये रॉबर्ट सिन्सहायमर यांनी ते दाखवलं, तेव्हा त्यातलं ॲडेनिन आणि थायमिन यांचं प्रमाण जुळत नव्हतं.

प्रमाण जुळायला हवं ही अपेक्षा आली एर्विन शारगाफ यांच्यामुळे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी निरनिराळ्या जिवांचा डीएनए फोडून त्यातले बेस कागदावर वेगळे केले आणि मोजले. जीव बदलला की चौघांचं प्रमाण बदलायचं. पण ॲडेनिन नेहमी थायमिनइतकं आणि ग्वानिन नेहमी सायटोसिनइतकं भरायचं. हे १९५० मध्ये छापून आलं. त्याच्याही आधी, १९४७ मध्ये, नॉटिंगहॅमला जॉन मॅसन गलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासराच्या थायमस ग्रंथीतून काळजीपूर्वक काढलेल्या डीएनएच्या द्रावणात आम्ल आणि अल्कली घालून पाहिलं होतं. एका मर्यादेपर्यंत काहीच घडेना. ती ओलांडली की दाट द्रावण एकदम पातळ. बेस एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात आणि ते बंध सुटले, हा त्यांचा निष्कर्ष अचूक होता. त्यांचा विद्यार्थी मायकेल क्रीथ याने प्रबंधात दोन साखळ्यांचं चित्रही काढलं. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला एडिंबरोहून लंडनला निघालेली गाडी गॉसविकजवळ रुळांवरून घसरली. मृतांमध्ये गलंड होते. त्यांची फळी पांगली आणि तो धागा तिथेच तुटला.

म्हणजे १९५२ अखेर जोडीचे दोन पुरावे छापील स्वरूपात समोर होते. तरीही जोडी जमत नव्हती. का जमत नव्हती आणि कोणी जमवली, ही या इतिहासातली माझ्या सर्वात जिव्हाळ्याची गोष्ट. डीएनएची रचना उलगडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांच्या नावांखाली ती दबून जाते, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

हायड्रोजन बंध म्हणजे कडी-कोयंडा समजा. बेसच्या कडेला नायट्रोजन किंवा ऑक्सिजनला चिकटून बाहेर आलेला हायड्रोजन ही कडी. समोरच्या बेसवरचा, हायड्रोजन नसलेला मोकळा नायट्रोजन किंवा ऑक्सिजन हा कोयंडा. दार लागायचं तर कडीसमोर कोयंडाच हवा. आता ग्वानिन आणि थायमिन या दोघांमध्ये एक हायड्रोजन असा आहे, की तो ऑक्सिजनवर बसवा किंवा जवळच्याच नायट्रोजनवर, रेणूचं सूत्र तेच राहतं. पण तो हलला की जिथे कडी होती तिथे कोयंडा होतो आणि कोयंड्याच्या जागी कडी येते. ऑक्सिजनवर हायड्रोजन असलेलं रूप इनॉल, नायट्रोजनवर असलेलं कीटो.

त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत इनॉल रूपं छापलेली असत. वॉटसनने ती जशीच्या तशी घेतली आणि ॲडेनिनसमोर ॲडेनिन, ग्वानिनसमोर ग्वानिन अशा सारख्याला सारख्या जोड्या लावल्या. कागदावर त्या लागतही होत्या! पण केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत वॉटसन आणि क्रिक यांच्याच खोलीत टेबल होतं जेरी डोनोह्यू यांचं. वय ३२, मूळचे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे, रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या हाताखाली कॅलटेकमध्ये तयार झालेले. सेंद्रिय स्फटिकांमधले हायड्रोजन बंध हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांनी वॉटसनला स्पष्ट सांगितलं, की पुस्तकातली रूपं चुकीची आहेत, एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आलेली आहेत. हायड्रोजन नायट्रोजनवर ठेव.

२८ फेब्रुवारी १९५३ ला सकाळी वॉटसन पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन बसला. कार्यशाळेतून धातूचे तुकडे अजून आले नव्हते. हायड्रोजन डोनोह्यूंच्या सांगण्याप्रमाणे. तुकडे सरकवता सरकवता दिसलं, की ॲडेनिन-थायमिन ही जोडी आणि ग्वानिन-सायटोसिन ही जोडी बाहेरून अगदी एकाच मापाच्या आहेत. प्रत्येक जोडीत एक दोन वलयांचा मोठा रेणू आणि एक एकाच वलयाचा लहान, त्यामुळे डीएनएची शिडी कुठे फुगत नाही आणि कुठे आवळत नाही. शारगाफ यांचे समान आकडे त्याच क्षणी उलगडले. २५ एप्रिलला ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा लेख आला; शेवटी डोनोह्यूंचे आभार आहेत, मुख्यतः अणूंमधल्या अंतरांबद्दलच्या सल्ल्यासाठी. मला हे फार अपुरं वाटतं. त्या एका हायड्रोजनची जागा कोणी सांगितली नसती, तर सगळं अडून राहिलं असतं.

मला डोनोह्यूंबद्दल खरा आदर वाटतो तो पुढच्या वागण्यामुळे. ज्या जोडीला आपण हात लावला, तिचा पुरावा पुरेसा नाही असं त्यांनी १९६९ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं. मुद्दा खरा होता: डीएनएच्या तंतूंची क्ष-किरण चित्रं इतकी अस्पष्ट असतात, की त्यांतून एकेक अणू दिसत नाही, गृहीत धरलेली रचनाच उत्तरात उमटू शकते. शिवाय १९५९ मध्ये कार्स्ट हूगस्टीन यांना ॲडेनिन आणि थायमिन यांच्याच जवळच्या रेणूंच्या स्फटिकात वेगळ्याच कडेने जुळलेली जोडी सापडली होती. निःसंशय पुरावा यायला वेळ लागला. १९७३ मध्ये अलेक्झांडर रिच यांच्या गटाने आरएनएच्या अगदी छोट्या तुकड्यांच्या स्फटिकांत जोड्यांमधले अणू स्पष्ट पाहिले, आणि १९८० च्या सुमारास रिचर्ड डिकरसन यांच्या गटाने डीएनएच्या १२ जोड्यांच्या तुकड्याची रचना सोडवली. डोनोह्यू १९८५ मध्ये गेले. जोडी पक्की झालेली त्यांच्या हयातीतच दिसली.

आणि त्यांनी बाजूला सारलेलं इनॉल रूप? ते क्वचित उमटत असेल आणि नक्कल होताना चुकीची जोडी लागून उत्परिवर्तन होत असेल, हा तर्क वॉटसन आणि क्रिक यांनी मे १९५३ च्या दुसऱ्या लेखातच मांडला होता. २०१५ मध्ये ड्यूक विद्यापीठात हाशिम अल-हाशिमी यांच्या गटाने चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने ते टिपलं. ग्वानिनसमोर चुकून थायमिन आलं, तर त्यातला हायड्रोजन सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता जागा बदलतो, आणि तेवढ्यापुरती ती चुकीची जोडी हुबेहूब बरोबर जोडीसारखी बसते.