पारावरची गोष्ट व्यासपीठावर आणणारे दमा

२ ऑक्टोबर २०२१ रोजी द. मा. मिरासदार पुण्यात गेले. ९४ वर्षांचं भरलेलं आयुष्य होतं. त्यांच्याआधी शंकर पाटील गेले होते, २००१ मध्ये व्यंकटेश माडगूळकरही गेले. दमांच्या जाण्याने मराठी कथाकथनाचं ते त्रिकूट संपलं. तिघांची पुस्तकं आहेत आणि पुढेही वाचली जातील. पण एकट्या माणसाने ध्वनिक्षेपकासमोर उभं राहायचं, साथीला वाद्य नाही, मागे नेपथ्य नाही, केवळ बोलण्याच्या बळावर मांडवभर माणसं जागेवर धरून ठेवायची, ही कला त्यांच्याबरोबर बरीचशी मागे सरली. म्हणून दमांची आठवण काढायची ती लेखक म्हणून तर खरीच, पण त्याहून अधिक सांगणारा म्हणून.

दत्ताराम मारुती मिरासदार यांचा जन्म १४ एप्रिल १९२७ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजचा. शिक्षण अकलूज आणि पंढरपूरला झालं. पंढरपूर हे ऐकणाऱ्यांचं गाव. वारीच्या दिवसांत तर वाळवंटापासून मठांपर्यंत कुठे ना कुठे कीर्तन चालूच असतं. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. निरूपणाच्या वेळी पेंगणारा माणूसही आख्यान सुरू झालं की सावरून बसतो. कथाकथनाने कीर्तनातला हा उत्तररंग तेवढा उचलला, असं मला वाटतं. देव आणि राजे बाजूला झाले. त्यांच्या जागी तलाठी, पैलवान, मास्तर आणि पाटील आले. सांगण्याची बैठक मात्र जुनीच राहिली.

१९६२ च्या सुमारास माडगूळकर, पाटील आणि मिरासदार यांनी एकत्र कथाकथनाचे कार्यक्रम सुरू केले. गणेशोत्सव, व्याख्यानमाला, महाविद्यालयांची स्नेहसंमेलनं अशा व्यासपीठांवर कथा पोचली. तिघांची माती वेगळी आणि सांगण्याची रीतही वेगळी. माणदेशातल्या माडगूळचे व्यंकटेश मोजकं बोलायचे; दुष्काळी मुलखातली काटकसर त्यांच्या वाक्यातही होती. कोल्हापूरकडच्या पट्टण कोडोलीचे शंकर पाटील बोलीचा ठसका घेऊन यायचे. त्यांची ‘धिंड’ ही कथा त्यांच्या तोंडून ऐकलेल्या माणसाला ती नुसती वाचून पुरत नसे. दमा सावकाश सांगायचे. घाई त्यांच्या गोष्टीत नव्हती, कारण त्यांच्या गावातल्या माणसांनाच कसली घाई नव्हती. पुढे हे तिघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: माडगूळकर १९८३ मध्ये अंबाजोगाईला, पाटील १९८५ मध्ये नांदेडला आणि मिरासदार १९९८ मध्ये परळी वैजनाथला. ज्यांनी गोष्ट पुस्तकातून उठवून पुन्हा लोकांत नेली, त्या तिघांनाही हा मान मराठवाड्याच्या भूमीवर मिळाला.

सांगण्याची कथा आणि वाचण्याची कथा यांत मोठा फरक असतो. वाचणाऱ्याला मागचं पान उलटता येतं, ऐकणाऱ्याला येत नाही. म्हणून सांगायच्या गोष्टीत माणसं थोडी हवीत आणि प्रत्येकाची खूण पक्की हवी. एकदा कानावर पडली की ती खूण तासभर टिकली पाहिजे. वर्णन कमी, बोलणं जास्त. महत्त्वाची गोष्ट दोनदा, तीनदा यावी, पण दर वेळी थोडी वाढून. हशा उसळला की थांबायचं, तो पूर्ण ओसरू द्यायचा नाही, उतरणीला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. आणि सर्वांत अवघड म्हणजे सांगणाऱ्याने स्वतः हसायचं नाही. दमा गंभीर चेहऱ्याने सांगत राहायचे आणि त्या गंभीरपणानेच समोरच्यांना हसू आवरत नसे.

हे सगळं तंत्र भोकरवाडीत, म्हणजे दमांच्या कथांमधल्या काल्पनिक गावात, आधीपासूनच होतं. गणामास्तर, बाबू पैलवान, नाना चेंगट, रामा खरात, शिवा जमदाडे ही माणसं गोष्टीत काय करतात? एकत्र जमतात आणि बोलतात. कोणीतरी बातमी आणतो, कोणाचा तिच्यावर विश्वास बसत नाही, कोणी आपल्या शहाणपणाची भर घालतो, कोणी छाती फुगवून पुढे होतो आणि ऐन वेळी मागे सरतो. बातमी तोंडातोंडी फिरते आणि प्रत्येक तोंडात फुगते. गोष्ट कशी जन्मते आणि कशी वाढते, हेच भोकरवाडीच्या गोष्टींचं खरं कथानक आहे. पारावरचा हा उद्योग मराठी गावाने पिढ्यान्पिढ्या केला. दमांनी तो पार उचलून व्यासपीठावर ठेवला आणि श्रोत्यांना त्या कोंडाळ्यात बसवलं. म्हणून भोकरवाडी नकाशावर नसली तरी ऐकणाऱ्याला ती आपल्याच तालुक्यातली वाटते.

दमांच्या आवाजामागे वर्गातली तालीमही होती. १९५२ पासून ते पुण्यात शाळेत शिकवत होते. १९६१ मध्ये गरवारे महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक झाले. शेवटच्या बाकावरच्या मुलाचं लक्ष कधी उडतं आणि कशाने परत येतं, हे मास्तराला रोज शिकावं लागतं. शाळा त्यांच्या कथेत पुन्हा पुन्हा येते, ‘व्यंकूची शिकवणी’ तर कित्येकांना तोंडपाठ आहे. ‘एक डाव भुताचा’ या १९८२ च्या चित्रपटाची पटकथा आणि संवाद त्यांनी लिहिले, आणि त्यात हेडमास्तरची भूमिकाही केली.

त्यांना केवळ विनोदी म्हणणं अपुरं आहे. ‘विरंगुळा’ ही कथा घ्या. ओढगस्तीच्या संसारात पिचलेला एक कारकून, तात्या. कोणाच्या घरी मयत झालं की त्याला बोलावणं येतं. सामान जुळवणं, बांधाबांध, स्मशानातली व्यवस्था यात तो वाकबगार. तिथे त्याच्या शब्दाला किंमत असते, चार लोक त्याचं ऐकतात. घरात आणि कचेरीत हे सुख त्याला मिळत नाही. दुसऱ्याचं मरण हाच ज्याच्या आयुष्यातला विरंगुळा, त्या माणसाकडे दमा हसून पाहत नाहीत. भोकरवाडीच्या भित्र्या, बढाईखोर, रिकामटेकड्या माणसांनाही त्यांनी कधी तुच्छ लेखलं नाही. लोक गावंढळपणावर हसत नव्हते, स्वतःवर हसत होते. ती माया आवाजात असल्याशिवाय त्याच माणसांसमोर त्यांचीच गोष्ट सांगता येत नाही.

दूरदर्शन घराघरात आलं, मांडवातले कार्यक्रम बदलले, कथाकथनाला रात्र देणारे उत्सव कमी झाले. तिघांच्या गोष्टी ध्वनिमुद्रणांत ऐकायला मिळतात हे आपलं भाग्य. पण ध्वनिमुद्रणातला हशा त्या रात्रीच्या श्रोत्यांचा असतो. सांगणाऱ्याचा थांबा त्यांच्यासाठी असतो. कथाकथन जिवंत राहायचं तर ते कोणीतरी कोणासमोर तरी करावं लागेल. त्यासाठी मोठं व्यासपीठ लागत नाही. शाळेतला एक मराठीचा तास, वाचनालयातली एक संध्याकाळ, जेवणानंतरची घरातली बैठक पुरते. भोकरवाडीची एखादी गोष्ट आधी दोन-तीनदा वाचावी, मग पुस्तक मिटून आपल्या बोलीत सांगावी. नाना चेंगटाला आपल्या गावातल्या कोणाचा तरी आवाज द्यावा. हशा आला की थांबावं, आणि आपण हसू नये. दमांनी आयुष्यभर जे करून दाखवलं ते इतकं साधं आणि इतकं कसाचं आहे, आणि ते शिकायला आजही कोणाची आडकाठी नाही.