विंचवाचा घाम आणि फवारणीचा घाम : दिसायला सारखे, इलाज उलटे

आपल्या भोकरदन तालुक्यात देहेड नावाचं गाव आहे. हसनाबादच्या बाजाराला येणाऱ्या पुष्कळांना ते नाव ओळखीचं असेल. याच गावात 1951 साली जन्मलेल्या एका शेतकऱ्याच्या पोराने विंचवाच्या विषावर असा इलाज शोधला, की इंग्लंडच्या 'लॅन्सेट'सारख्या वैद्यकीय नियतकालिकाला त्याची दखल घ्यावी लागली. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे त्यांचं नाव. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्यांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्रही अनेकांनी वाचलेलं आहे. पण त्यांनी शोधलं काय, हे विचारलं तर गावात चार माणसं सांगू शकत नाहीत. शेतकरी बंधू-भगिनींनी सत्कारापेक्षा तेच आधी समजून घ्यावं, म्हणून हा लेख.

बावस्कर नागपूरला डॉक्टर झाले आणि 1976 साली कोकणात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू फार. अंगाने लहान, पण मोठ्या काळ्या विंचवापेक्षा कितीतरी जहाल. भात कापताना, दगड उचलताना माणसं डसली जायची, आणि विंचवाने गंभीर झालेल्या शंभर रुग्णांत चाळीसपर्यंत दगावायचे. त्यात लहान लेकरं जास्त. पुस्तकात या विषाबद्दल फारसं काही नव्हतं. मग या तरुण डॉक्टरने रुग्णाची खाटच पुस्तक केली. रात्र-रात्र उशाशी बसायचं, ठराविक वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास, घाम बघायचा आणि वहीत मांडायचं. ना मोठी प्रयोगशाळा, ना मोठं यंत्र. (संशोधन म्हटलं की आपल्याला काचेच्या नळ्याच आठवतात, तो आपला समज.)

त्या वहीतून जे निघालं ते 1982 साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. ज्याला नुसती ठणक लागते तो सहसा वाचतो. पण डसल्यावर ओकाऱ्या, अंग भिजवणारा घाम, तोंडाला लाळ आणि हातपाय थंडगार, ही लक्षणं दिसली की समजावं, विष हृदयावर चाललंय. अशा रुग्णाला कधी कधी ठणक फार नसते, आणि घरचे म्हणतात, "उतरलं वाटतं!" घात होतो तो इथेच. मांत्रिकाची कीर्ती वाढते तीही इथेच, कारण नुसत्या ठणकेचा रुग्ण उतारा न करताही बराच होणार असतो.

विष करतं काय? मज्जातंतूंना सतत चेतवत ठेवतं. त्यामुळे अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्यं रक्तात पुरासारखी येतात, रक्तवाहिन्या आवळतात. विहिरीवरची मोटार चालू आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद, म्हणजे मोटारीचं जे होईल ते हृदयाचं होतं. ताण वाढतो, फुप्फुसात पाणी साचतं, माणूस गुदमरतो. मग मोटारीला जोर देण्यापेक्षा व्हॉल्व्ह का उघडू नये? रक्तदाबासाठी बाजारात असलेली प्रॅझोसिन नावाची साधी गोळी नेमकं हेच करते. बावस्करांनी ती विंचूदंशात वापरली, 1986 साली लॅन्सेटमध्ये त्याची माहिती दिली, आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात त्यांच्या बरोबरीच्या आहेत. पुढे दोघांनी 70 रुग्णांवर तपासणी केली. ती 2011 साली 'बीएमजे'त आली. नुसत्या प्रॅझोसिनवर रुग्णाला बरं व्हायला सरासरी 17.7 तास लागले, जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिल्यावर 10 तास.

गोळी साधी आहे म्हणून कोणी घरी खिशात ठेवून वाटू नये. वजनावर मात्रा ठरते, आणि गोळीनंतर रुग्णाला उठवून उभं केलं तर रक्तदाब एकदम खाली येतो. त्याला आडवंच ठेवावं लागतं. थंड पडलेले हातपाय परत गरम झाले की डॉक्टर समजतात, गाडी रुळावर आली.

आता दुसरा घाम. हा आमच्या खात्याचा विषय. कपाशीवर फवारणी करणारा गडी बांधावर बसतो, दरदरून घाम, लाळ, ओकारी. वरवर चित्र विंचवासारखंच. आतलं मात्र निराळं. युरियासाठी अमोनिया बनवताना कारखान्यात लोखंडाचा उत्प्रेरक लागतो. तो स्वतः संपत नाही, पण क्रिया भराभर घडवतो. शरीरातही असे उत्प्रेरक आहेत, त्यांना विकरं म्हणतात. मज्जातंतूचा निरोप पोचला की निरोप्या पदार्थ तोडून जागा मोकळी करणारं एक विकर असतं. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑरगॅनोफॉस्फरस औषधातला फॉस्फरसचा भाग त्या विकराला चिकटून बसतो. निरोप थांबतच नाहीत. बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू फडफडतात, छातीत कफ भरतो.

इथे अॅट्रोपिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. तेच अॅट्रोपिन विंचवाच्या रुग्णाला घाम-लाळ थांबावी म्हणून दिलं, तर आधीच पळणारं हृदय आणखी पळतं. बावस्करांनी यापासून डॉक्टरांना सावध केलेलं आहे. म्हणून दवाखान्यात गेल्यावर "चक्कर आली" एवढंच सांगू नका. फवारणी चालू होती का, कोणतं औषध, किती वेळ, काही डसलं का, हे सगळं सांगा.

विकराला चिकटलेला फॉस्फरस सोडवणारं प्रॅलिडॉक्सिम नावाचं औषधही आहे. पण काही तास गेले की ही चिकट पक्की होते. काही औषधांत ती लवकर होते, काहींत दिवस-दीड दिवसाने, आणि मग त्याचा उपयोग राहत नाही. बारामतीत डॉ. कीर्ती पवार व सहकाऱ्यांनी 200 रुग्णांवर हे तपासलं. 2006 च्या लॅन्सेटमध्ये ते आलं. सलग सलाईनमधून देत राहिलेल्या शंभरांत एक दगावला, चार-चार तासांनी इंजेक्शन दिलेल्या शंभरांत आठ. श्रीलंकेतल्या 2009 च्या तपासणीत मात्र या औषधाचा फायदा दिसला नाही, त्यामुळे डॉक्टरांत यावर एकमत नाही. अॅट्रोपिन लवकर मिळावं, याबद्दल मात्र वाद नाही.

यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तसं काही झालं तर आधी अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, माणसाला कुशीवर झोपवा. मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. 108 ला फोन लावा. आणि औषधाचा डबा लेबलासकट सोबत घ्या. लेबलावर उतारा कोणता तो छापलेला असतो, आणि चौकोनात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. त्यात लाल सगळ्यात जहाल.

विंचवासाठी सांगायचं तर पऱ्हाट्या-तुराट्यांच्या गंजीत, सरपणात, बांधाच्या दगडात उघडा हात घालू नये, आधी काठीने हलवावं. बूट-चप्पल झटकून घालावी. लेकराला डसलं तर ठणक आहे की नाही ते बघत बसू नये. आधी तळपायाला हात लावून बघावा, आणि तो थंड लागला तर तशीच गाडी काढावी.