वास्तव्य आणि मत : आनेकल तालुक्यातील मराठी मतदार

बेंगळुरूच्या दक्षिणेस होसूरच्या राजरस्त्याला लागून पसरलेला आनेकल तालुका महसुली व्यवस्थेत बेंगळुरू नगर जिल्ह्यात मोडतो. कसबा, अत्तिबेले, जिगणी आणि सर्जापुर या त्याच्या चार होबळ्या, म्हणजे आपल्याकडील महसुली मंडळे. परंतु लोकसभेसाठी हाच तालुका ‘बेंगळुरू ग्रामीण’ मतदारसंघात जातो. त्या ग्रामीण मतदारसंघाच्या आठ विधानसभा क्षेत्रांपैकी एकाचे नाव ‘बेंगळुरू दक्षिण’ आहे, त्याच नावाचा एक वेगळा लोकसभा मतदारसंघ शेजारीच नांदतो, आणि 2025 साली रामनगर जिल्ह्याचे नामांतर होऊन तोही बेंगळुरू दक्षिण जिल्हा झाला. पुण्याहून, सोलापूरहून किंवा बेळगावहून नोकरीनिमित्त येथे येऊन राहिलेल्या मराठी गृहस्थाला, आपण नेमके कोणत्या हद्दीतले, या प्रश्नाचे उत्तर पाचदहा वर्षांनंतरही ठामपणे देता येत नसेल, तर त्याचा सगळा दोष त्याच्या पदरात घालणे न्यायाचे होणार नाही.

या मंडळींची संख्या वाढत आहे, हे बोम्मसंद्र, चंदापुर, अत्तिबेले या पट्ट्यातून फिरणाऱ्या कोणालाही दिसते. जिगणी आणि बोम्मसंद्र येथील कारखान्यांत यंत्रावर उभा राहणारा कामगार, इलेक्ट्रॉनिक्स सिटीत संगणकाचे काम करणारे जोडपे, त्यांच्या मुलांना सांभाळण्यासाठी गावाकडून आलेली आजी, अशी अनेक मराठी घरे या तालुक्यात वसली आहेत. आणि 10 ऑगस्ट 2025 रोजी मेट्रोची पिवळी मार्गिका थेट बोम्मसंद्रपर्यंत सुरू झाल्यापासून या वस्तीला नवा ओघ मिळाला आहे. ही माणसे येथे कर भरतात, येथील पाण्याच्या टँकरची वाट पाहतात, येथील रस्त्यावरचे खड्डे चुकवतात. आणि त्यांपैकी पुष्कळांचे मत मात्र अजून शेकडो कोस दूर, वडिलार्जित घराच्या पत्त्यावर नोंदलेले असते. निवडणुकीच्या दिवशी तिकडे जाणे होत नाही, इकडे नाव नसते, आणि एक सुशिक्षित, कर्तासवरता नागरिक दोन्ही गावी अनुपस्थित राहतो.

वास्तविक कन्नड मुलखाशी मराठी माणसाचा संबंध आजचा नव्हे. 1638 साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केम्पेगौडांकडून बेंगळुरू जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हे सर्वश्रुत आहे. पण मताधिकाराच्या इतिहासाशी निगडित असलेला दुवा त्याहून अर्वाचीन, आणि माझ्या मते अधिक अभिमानास्पद आहे. म्हैसूर संस्थानात दिवाण रंगाचार्लू यांनी 1881 च्या दसऱ्यात प्रजाप्रतिनिधी सभा भरवली. देशी संस्थानांच्या इतिहासात अपूर्व अशा त्या सभेच्या पहिल्या बैठकीस 144 सदस्य होते. हे सदस्य प्रारंभी नियुक्त असत. निवडणुकीचे तत्त्व त्या सभेला 1891 पासून लागू झाले, तेही जमीनमहसूल, मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींनी जखडलेले. पुढे 1907 साली संस्थानात विधिमंडळाची स्थापना झाली, तेव्हा दिवाणपदी होते व्ही. पी. माधवराव: कुंभकोणम येथे जन्मलेले, तंजावरच्या मराठीभाषक देशस्थ घराण्यातले, आणि पुढे बडोद्याचेही दिवाण झालेले. अशा पूर्वसुरींच्या भाषाबंधूंनी याच प्रदेशात मतदारयादीबाहेर राहावे, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

मत गावाकडे ठेवण्यामागे जी भावना असते, तिचा मला आदर आहे. परंतु कायदा भावनेला विचारीत नाही. तो ‘सर्वसाधारण वास्तव्य’ पाहतो. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदाराची पात्रता ठरवताना वय आणि वास्तव्य या दोन गोष्टींना प्राधान्य दिले, आणि त्याच्या 20 व्या कलमात दोन बाबी निःसंदिग्धपणे सांगितल्या: एखाद्या मतदारसंघात कोणाचे घर आहे, एवढ्याच कारणाने तो तेथील रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरत्या गैरहजेरीने कोणाचे वास्तव्य संपुष्टातही येत नाही. पहिल्या नियमाचा अर्थ असा की, साताऱ्याला वाडा आहे म्हणून तेथील यादीत नाव ठेवण्याचा हक्क पोहोचत नाही; दुसऱ्याचा अर्थ असा की, चार महिन्यांच्या कामासाठी बाहेर गेलेल्याने घाई करण्याचे कारण नाही. भाडेकरूला मत नाही, हा आनेकलच्या वसाहतींतून वारंवार कानी येणारा समज तर सर्वथा निराधार आहे. एकाहून अधिक ठिकाणी नाव ठेवण्यास त्याच कायद्याची 17 व 18 ही कलमे मज्जाव करतात, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास 31 व्या कलमान्वये एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

तेव्हा करावयाचे काय? ज्याचे नाव आजवर कोठेच नोंदलेले नाही, त्याने नमुना 6 भरावा. ज्याचे नाव दुसरीकडे आहे, मग ते महाराष्ट्रात का असेना, त्याने नमुना 8 भरून स्थलांतर मागावे. येथेच पुष्कळांची गफलत होते. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात जाणाऱ्यालाही नमुना 6 च भरावा लागे. ऑगस्ट 2022 पासून स्थलांतर, दुरुस्ती, नवे ओळखपत्र आणि दिव्यांगत्वाची नोंद ही चारही कामे नमुना 8 मध्ये एकवटली. जुन्या सवयीने नव्याने नमुना 6 भरणारा मनुष्य नकळत दुबार मतदार होऊन बसतो. वास्तव्याचा पुरावा म्हणून आधार, पारपत्र, बँकेचे किंवा टपाल कार्यालयाचे चालू खातेपुस्तक, वर्षभरापासूनचे पाणी, वीज वा गॅस यांचे देयक, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत यांपैकी एक दस्तऐवज पुरतो. यांतले काहीच नसेल, तरी अर्ज बाद होत नाही, मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने प्रत्यक्ष घरी येऊन चौकशी करावी, अशी तजवीज आहे. वयाची अटही आता सैल झाली आहे. 1989 मध्ये मताधिकाराचे वय 21 वरून 18 वर आले, तरी ते 1 जानेवारीला पुरे झालेले असावे लागे. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांची पहिली तारीख ग्राह्य धरतात. अर्ज नामंजूर झाल्यास पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि तेथेही दाद न लागल्यास तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

या सर्वांत स्त्रियांची अडचण वेगळी, आणि मला वाटते अधिक गंभीर आहे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी अमक्याची बायको, तमक्याची आई अशा नावांनी नोंदलेल्या सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आग्रहामुळे यादीतून वगळावी लागली, कारण स्वतःचे नाव सांगण्यास त्या वा त्यांच्या घरचे राजी नव्हते. तो काळ गेला. पण विवाहानंतर मराठी मुलीचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिन्ही अंगे बदलण्याचा प्रघात अनेक घरांत अजून चालू आहे. माहेरच्या यादीत एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे, अशा अवस्थेत ती आनेकलला येते. तेथील यादी कन्नड लिपीत. आणि कर्नाटकात पुष्कळ घरांत आडनावाची चालच नसून गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर नावामागे लावतात, त्यामुळे तीन पदांचे मराठी नाव लिपिकाच्या हातून कधी आखूड होते, तर कधी उलटेसुलटे होते. यास्तव नाव लागले एवढ्यावर समाधान न मानता प्रारूप यादी प्रसिद्ध होताच कन्नड वाचू शकणाऱ्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन प्रत्येक अक्षर तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन. चूक आढळल्यास नमुना 8 आहेच. मात्र उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची तारीख उलटली की निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत कोणताही बदल होत नाही.

मतदानाच्या दिवसाविषयी थोडके सांगितले तरी पुरे. यादीत नाव असणे ही मूळ अट. ओळखपत्र हरवले असले, तर निवडणूक आयोगाने मान्य केलेले दुसरे छायाचित्रयुक्त पत्र चालते, पण हाती ओळखपत्र असून यादीत नाव नसेल, तर मत देता येत नाही. आपल्या नावे कोणी आधीच मत देऊन गेले असेल, तर निमूटपणे परतू नये: 1961 च्या निवडणूक नियमांतील 49-पी अन्वये ओळख पटवून स्वतंत्र मतपत्रिकेवर मत नोंदवता येते. कारखान्यातील कामगाराला त्या दिवशी पगारी सुटी देणे हे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 135-ब कलमान्वये मालकावर बंधनकारक आहे. आनेकलचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, पण ते आरक्षण उमेदवारीपुरते. मत सर्वांना आहे.

खरे दुर्लक्ष होते ते स्थानिक स्वराज्य संस्थांकडे. 1992 च्या 73 व्या व 74 व्या घटनादुरुस्त्यांनी त्यांना घटनात्मक स्थान दिले, आणि त्यांच्या निवडणुका दिल्लीच्या आयोगाकडे न ठेवता राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवल्या. तथापि कर्नाटकात या आयोगाची यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार पाडली जाते, त्यामुळे त्यासाठी निराळी नोंदणी करावी लागत नाही. पत्ता चुकला तर मात्र प्रभागही चुकतो. आनेकल, चंदापुर, अत्तिबेले, जिगणी आणि बोम्मसंद्र येथे पुरसभा (छोट्या शहरांच्या नगरपालिका), हेब्बगोडीत नगरसभा (मोठ्या शहराची नगरपालिका) आणि उरलेल्या खेड्यांतून ग्रामपंचायती, अशी या तालुक्याची विभागणी आहे. पत्त्यात बेंगळुरू लिहिणारा चंदापुरचा रहिवासी महापालिकेच्या निवडणुकीची वाट पाहत बसतो, आणि पुरसभेची निवडणूक त्याच्या दारावरून निघून जाते. ग्रामपंचायतीत सुमारे 400 लोकसंख्येमागे एक सदस्य असतो, उमेदवाराला पक्षाचे चिन्ह नसते, आणि प्रभागात जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला असतात. एका मतालाही किती वजन येते, ते यावरून कळावे.

या संस्थांची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असा घटनेचा दंडक आहे; 2006 साली किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तो अधोरेखित केला. प्रत्यक्षात कर्नाटकातील तालुका व जिल्हा पंचायतींची निवडणूक 2016 च्या फेब्रुवारीत झाली, 2021 मध्ये मुदत सरली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. बेंगळुरू महापालिकेची 2015 सालची सभा 2020 मध्ये विसर्जित झाल्यावर तेथेही तेच घडले. मुंबई-पुण्याच्या नागरिकांना हा अनुभव नवा नाही. 2017 मध्ये निवडलेल्या त्यांच्या महापालिकांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपल्यावर तेथेही प्रशासकच बसले. लोकांनी न निवडलेला अधिकारी कितीही कर्तबगार असला, तरी प्रभागातील नागरिकाला उत्तर देण्यास तो बांधलेला नसतो, आणि ही उणीव मला अत्यंत घातक वाटते.

ग्रामपंचायतीच्या हद्दीत, विशेषतः सर्जापुरच्या बाजूस, ज्यांनी उंच इमारतींत सदनिका घेतल्या आहेत, त्यांना आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. घटनेच्या 243 व्या अनुच्छेदानुसार गावच्या मतदारयादीत नोंदलेल्या सर्व व्यक्ती मिळून ग्रामसभा होते. विंधनविहिरी, कचरा, गटारे, पथदिवे, घरांची कर-आकारणी या बाबी ज्या ग्रामसभेत मांडता येतात, तिचे सभासदत्व यादीतील नावाबरोबर आपोआप मिळते. कोणाच्या शिफारशीची, कन्नड मातृभाषेची वा जन्माच्या दाखल्याची त्याला गरज लागत नाही. ज्याचे नाव मात्र अजून साताऱ्याच्या यादीत आहे, तो दहा वर्षे येथे घरपट्टी भरीत असला, तरी त्या सभेचा सभासद नसतो.