गॉयडरच्या रेषेपलीकडचे गाव

ॲडलेडहून उत्तरेस सुमारे चारशे किलोमीटरांवर, फ्लिंडर्स पर्वतराजीच्या कुशीत, दोनतीनशे वस्तीचे हॉकर नावाचे गाव आहे. इकारा-फ्लिंडर्स रेंजेस राष्ट्रीय उद्यानाकडे निघालेले बहुतेक प्रवासी तेथे पेट्रोल भरण्यापुरते थांबतात आणि विल्पेनाचा पंचावन्न किलोमीटरांचा रस्ता धरतात. ही घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कारण त्या उद्यानातील भूमीचा स्वभाव समजून घ्यावयाचा तर हॉकरच्या पूर्वेतिहासाइतका उत्तम आधार दुसरा नाही.

१८६५ साली, भीषण अवर्षणाने कुरणे ओसाड पडून मेंढ्यांचे कळप मरू लागले असता, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मोजणी खात्याचे प्रमुख जॉर्ज गॉयडर यांना सरकारचा हुकूम झाला की, दुष्काळाची हद्द कोठवर येते ते समक्ष पाहून नकाशावर नोंदवावे. घोड्यावरून सुमारे तीन हजार किलोमीटरांची रपेट करून त्यांनी ती हद्द आखली, आणि त्या मुलखात पर्जन्यमानाचे भरवशाचे दप्तर नसल्यामुळे वनस्पतींची साक्ष प्रमाण मानून आखली : जेथे मॅली नावाच्या खुज्या निलगिरीचे रान विरळ होऊन करड्या, खारट पानांच्या सॉल्टबुशची झुडपे सुरू होतात, तेथून पुढे गव्हाच्या पिकाची शाश्वती नाही. आपल्याकडची आणेवारी एका हंगामाचा निवाडा करते. गॉयडर यांची रेषा पिढ्यान्‌पिढ्यांच्या हंगामांचा निवाडा होती.

पुढे काही वर्षे पाऊस मनासारखा झाला, नांगर जाईल तेथे पाऊस मागोमाग येतो अशी समजूत बळावली, आणि १८७४ साली सरकारने रेषेचे बंधन उठवून पलीकडची जमीन लागवडीस खुली केली. १८८० साली हॉकर वसले व त्याच साली तेथवर लोहमार्गही पोहोचला; परंतु त्याच सुमारास दुष्काळ पुन्हा उभा राहिला, आणि कर्ज काढून आलेली कुटुंबे, स्वतः रचलेली दगडी घरे मागे टाकून, दक्षिणेस परतू लागली. क्वॉर्नहून हॉकरकडे येताना विल्सन व गॉर्डन या उजाड गावांच्या परिसरात ती घरे आजही दिसतात : छपरे गेली, चौकटी गेल्या, पण चुलीवरचे धुराडे मात्र उभे आहे. एवढ्या निगुतीने बांधलेले घर सोडताना त्या माणसांना काय वाटले असेल, या विचाराने मन व्याकुळ होते.

या मुलखाशी आपलाही एक जुना धागा आहे. लोहमार्गापूर्वी येथील मालवाहतूक उंटांवर चाले. १८६६ साली टॉमस एल्डर यांनी हॉकरच्या उत्तरेस बेल्टाना येथे उंटांची पैदास सुरू केली, ते उंट आणि त्यांचे सारवान कराचीहून, म्हणजे त्या काळच्या मुंबई इलाख्यातील बंदरातून, आले होते. त्या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबीही होते.

विल्पेना पाउंड म्हणजे गारगोटीसारख्या कठीण क्वार्टझाइटच्या कड्यांनी वेढलेले एक विशाल खोरे. येथील मूळ रहिवासी अद्न्यामाथान्हा यांच्या परंपरेप्रमाणे अकुरा नावाच्या दोन महासर्पांच्या देहांचे हे कडे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी हिल नावाच्या कुटुंबाने या खोऱ्यातही गहू पिकवून दाखविला. परंतु १९१४ च्या महापुराने घळीतून जाणारा त्यांचा कष्टाचा रस्ता वाहून नेला आणि त्यांनी शेती सोडली. त्यांचे छोटे घर अद्याप तेथे आहे व चालत जाऊन पाहता येते. उद्यानातील ब्राचिना घळीच्या परिसरात, एनोरामा ओढ्याच्या काठच्या खडकात, २००४ साली मान्यता पावलेल्या एडिआकरन कालखंडाच्या आरंभाची खूण म्हणून धातूची लहानशी चकती बसविली आहे. सुमारे त्रेसष्ट कोटी वर्षांपूर्वीचा तो थर आपण बोटाने चाचपू शकतो.

एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ प्रवासास योग्य; तेथील उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पावसानंतर कच्चे रस्ते बंद होतात, म्हणून पाण्याचा साठा जवळ ठेवून रस्त्यांची चौकशी हॉकरलाच करावी. सेंट मेरी शिखरावर न चढता अलीकडच्या टँडेरा खिंडीतच थांबावे, अशी अद्न्यामाथान्हांची विनंती आहे. उद्यानाच्या कारभारात आता त्यांचा रीतसर वाटा आहे, आणि ही विनंती पाहुण्यांनी कटाक्षाने पाळली पाहिजे.